साळूने राखलेली गुलाबी लिली

मुलांनो, ओढ्याकाठच्या एका रानात एक साळू राहत असे. अंगभर काळेपांढरे काटे, आणि कंद दिसला की उकरून खायचा, ही साळूंची पिढीजात रीत. एका वर्षी ओढ्याला पूर आला आणि कुठल्याशा बागेतले गुलाबी कॅला लिलीचे कंद वाहत येऊन काठाला लागले. आपल्या साळूने ते हुंगले, पण खाल्ले नाहीत. पाणी साचू नये म्हणून तिने मातीत वाळू मिसळली आणि कोंब वर ठेवून एकेक कंद लावला. काही आठवड्यांनी ठिपक्यांची पानं आली, आणि मग फुलं! एकाच पाकळीचा, अलगद गुंडाळलेला गुलाबी पेला. ससा तर दिवसदिवस तिथेच बसून राही.

पुढे बहर सरला, पानं पिवळी पडली. साळूने पाणी तोडलं आणि पानं वाळताच कंद उकरायला घेतले.

"अगं साळूताई, हे काय करतेस?" ससा ओरडला.

"तिची झोपायची वेळ झाली. थंडीत ओल्या मातीत राहिली तर कुजेल. बिळात कोरड्या पाल्यात ठेवते, थंडी सरली की पुन्हा लावते."

कोल्हा खो खो हसला. "झोपवते म्हणे! कुठे, पोटात? अरे सशा, साळू कंद राखायला लागली, तर उद्यापासून मी कोंबड्या राखीन!"

सगळे हसले. ससाही हसला. त्यानंतर साळू दिसली की जो तो विचारी, "काय बाई, पचली का लिली?"

थंडीच्या अखेरीस रानाला वणवा लागला. डोंगर काळा पडला. फळ नाही, मूळ नाही; हरणं रान सोडून गेली. साळूला भुकेने चालवेना. बिळात तर कंदांची रास होती! ती त्यांच्यापाशी जाई, एखादा कुजला नाही ना ते पाही, पाला सारखा करी, आणि बाहेर येऊन सांबराचं गळलेलं शिंग कुरतडत बसे. एखादा कंद खाल्ला असता, तर कुणाला कळणार होतं? बदनामी तर आधीच झाली होती. तरी तिने एकालाही दात लावला नाही.

थंडी सरून ऊन तापू लागलं तसे तिने राखेच्या मातीत कंद लावले. आणि एका सकाळी त्या काळ्याठिक्कर उतारावर गुलाबी पेले उभे राहिले. मधमाश्या परत आल्या. ससा धावत आला आणि बघतच राहिला.

"साळूताई, तू तेव्हाच सांगायचं होतंस गं!"

"सांगितलं होतं की. तू हसलास."

सशाची मान खाली गेली, डोळे भरून आले. कोल्हा लांब उभा होता. तो हळूच मागे सरकला.

"आता रडत बसू नकोस," साळू सशाला म्हणाली. "ओढ्यावरून पाणी आण. आणि बेताने घाल, मुळाशी साचता कामा नये."

तात्पर्य : कुणाची जात पाहून त्याची नियत ठरवू नये, पोटाला चिमटा घेऊन जो उद्याचा बहर राखतो, तोच खरा थोर.