ठकूमायने पुसलेलं कुंकू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. फार म्हणजे किती, असं मधेच विचारायचं नाही. सावरपठारावर तेव्हा विजेचा खांब आला नव्हता, एसटी घाटाच्या पायथ्याशीच वळून माघारी जायची. थंडी मात्र कुणी न बोलावता वर यायची आणि होळीपर्यंत मुक्काम ठोकायची. पौषात तर हंड्यातल्या पाण्यावर सकाळी काचेसारखा पापुद्रा धरायचा, असं म्हणतात. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पठारावरची माणसं अजून असंच सांगतात.

त्या पठारावर ठकूमाय नावाची सुईण राहायची. अंगानं बेताची, हातानं दणकट आणि जिभेनं त्याहून दणकट. बाळंतीण किंचाळायला लागली की म्हणायची, "ओरड बाई, पोटभर ओरड, पण जोर खाली लाव. नुसता घसा फोडून पोर येत नसतं." पठारावरचं एकूणएक लेकरू आधी तिच्या हातात पडायचं आणि मग आईच्या. पाटलांच्या घरची लेकरंही त्याला सुटली नव्हती.

पण या दणकट बाईच्या पोटात एक दुखणं होतं. तिचं स्वतःचं पहिलंवहिलं लेकरू पौषातच जन्मलं होतं. त्या दिवसांत अवकाळी झड लागली, सरपण भिजलं, चूल नुसती धुमसत राहिली. घोटभर पाणी काही तापलं नाही आणि लेकरू तिच्या मांडीवर गारठून गेलं. पुढे तिला मूल झालं नाही. नवराही लवकर गेला. ठकूमाय त्या विझल्या चुलीसमोर बसली आणि म्हणाली, "माझं गेलं ते गेलं. या पठारावरचं दुसरं लेकरू गरम पाण्यावाचून जाऊ देणार नाही." रडत म्हणाली नाही, दात आवळून म्हणाली.

म्हणणं सोपं होतं. जंगल वर्षागणिक मागे सरकत चाललं होतं. ठकूमाय बारा महिने डोंगर तुडवून मोळ्या आणायची, दुसऱ्यांच्या बाळंतपणासाठी स्वतःच्या घरात रचून ठेवायची आणि स्वतः गार पाण्यानं अंघोळ करायची. कंबर वाकली तरी मोळी सुटेना.

मग एकदा असं झालं. एका शेतावरच्या झोपडीत बाळंतपण उरकून ती दुपारची हात धुवायला बाहेर आली. तिथे कांद्याच्या रोपांना पाणी द्यायचा काळा पाइप खडकावर उन्हात वेटोळं घालून पडला होता. तिनं त्याचं तोंड सोडलं आणि हात मागे ओढला. चटका बसला होता! पाणी चुलीवरून उतरवावं तसं कढत. तिथे चूल नाही, लाकूड नाही, धूर नाही. ठकूमायनं वर सूर्याकडे पाहिलं. एवढी वर्षं तो रोज डोक्यावरून जात होता आणि तिनं कधी त्याला काही मागितलं नव्हतं. आधी ती हसली, मग खडकावर बसून तिनं लेकरासाठी राहून गेलेलं सगळं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती घाट उतरून नथू तांबटाकडे गेली. बाजारपेठेत त्याचं भांड्यांचं दुकान होतं. नथूचं पोरही तिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. तिनं पाइपाची गोष्ट सांगितली. नथूनं डोकं खाजवलं, भट्टीकडे पाहिलं आणि कामाला लागला. त्यानं तांब्याची नळी नागमोडी वळवली, पत्र्याला कथलाचा डाक देऊन जोडली, सगळं काजळीनं काळं केलं. लाकडी पेटीत खाली भुसा भरला, वर नळी ठेवली आणि त्यावर काच बसवली, आत आलेली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. पेटीच्या वरच्या अंगाला गोधड्यांत गुंडाळलेला ड्रम. तापलेलं पाणी आपल्या पायानं ड्रममध्ये चढायचं आणि गार पाणी खाली पेटीत उतरायचं. ढकलायला कुणी नाही. नथू स्वतःच तोंडात बोट घालून बघत राहिला, असं म्हणतात.

पेटी बसवली ती ठकूमायच्या घरामागच्या कातळावर. तिथून नळी थेट तिच्या न्हाणीत. पण पेटीचं तोंड दक्षिणेकडे केलं आणि गाव गोळा झालं. सगळ्यांत पुढे सगुणाबाई पाटलीण. नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि गावातली प्रत्येक रीत तोंडपाठ.

"अगं ठकू, दक्षिणेला तोंड? यमाची दिशा ती! आणि तू सूर्यनारायणाला तिकडे बसवतेस?"

"पाटलीणबाई, थंडीत सूर्य तिकडच्या अंगानंच जातो, मान वर करून बघा," ठकूमाय म्हणाली. "आणि यम तिकडून येत असेल तर बरंच की. माझा जन्म त्याच्याच वाटेवर बसण्यात गेलाय. येऊ दे, समोरासमोर बोलू."

पेटी दक्षिणेला तोंड करून बसली.

त्या हिवाळ्यात पठारावर जी जी बाई बाळंत झाली, तिला न्हाणीत वाफाळतं पाणी मिळालं. सुईणीचे हात गरम, लेकराची फडकी गरम, आईच्या कमरेला शेक. एकही लेकरू गारठलं नाही. लांबलांबच्या पाड्यांवरून पोटुशा बायका डोलीत बसून यायला लागल्या. ठकूमाय रोज सकाळी कातळावर चढून पदरानं काच पुसायची, सांधे चाचपायची, ड्रमच्या तळाची तोटी सोडून साचलेला पांढरा गाळ काढायची. खाली उतरताना पेटीवर हात ठेवून म्हणायची, "चल रे बाबा, लाग कामाला." सूर्याला अरेतुरे करणारी ती एकटीच.

पण गावाला हे अरेतुरे रुचलं नाही. एवढा मोठा चमत्कार आणि त्याला पूजा नाही, नैवेद्य नाही? सगुणाबाईनं पुढाकार घेतला. जिचं बाळंतपण सुखरूप होईल तिनं सवा महिन्यानं कातळावर जायचं, काचेला हळदीकुंकू वाहायचं, तेलाचं बोट लावायचं, असं ठरलं. कातळाचं देवस्थान झालं. देवस्थान झालं म्हटल्यावर विधवेनं वर चढायचं नाही, हेही ठरलं. कुणी ठकूमायला हाकललं नाही हो. रीत म्हटली की हाकलायला माणूस लागत नाही. सगुणाबाई एवढंच म्हणाली, "ठकू, तू आता खालीच थांब. वरचं आम्ही बघतो."

ठकूमाय खाली थांबली. तिचा जीव काचेत अडकलेला. जन्मात पहिल्यांदाच तिची जीभ गप्प बसली.

आणि आया येत राहिल्या. प्रत्येकीचं एक बोट कुंकू, एक बोट हळद, एक बोट तेल. कुणाचंही पुसायचं नाही, आपलं वर लावायचं. दुसऱ्या वर्षी पाणी थोडं निवल्यासारखं वाटलं. बायका म्हणाल्या, सूर्य रुसला. म्हणून कुंकू आणखी वाहिलं. तिसऱ्या वर्षी न्हाणीतलं पाणी नुसतं कोमट यायला लागलं. आपलेच हात आता म्हातारे झाले, त्यांना ऊब कळेनाशी झाली, असं ठकूमायनं मनाला समजावलं.

मग आला तो पौष. झड लागली, धुकं पठारावरून हलेना. उन्हाच्या पाण्याच्या भरवशावर गावानं सरपण साठवायचं सोडून दिलेलं, जे होतं ते भिजलं. घरोघरच्या चुली धूर ओकत होत्या. आणि ज्या सकाळी धुकं फाटून कोवळं ऊन पडलं, त्याच सकाळी पाटलांच्या लेकीला, द्वारकेला, दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या. सगुणाबाई लेकीला घेऊन ठकूमायच्या दारात आली तेव्हा तिची नथ वाकडी झाली होती आणि तिला त्याचं भान नव्हतं.

पोर जन्मली. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी, निळी पडलेली, रडेना. ठकूमायनं न्हाणीतली तोटी सोडली. पाणी आलं ते अंगणातल्या हंड्याचं वाटावं असं गार.

तोच पौष, तीच ओली लाकडं, तसंच निळं लेकरू. मग तिनं चोळीची गाठ सोडली, पोर उघड्या छातीशी धरली, वरून लुगड्यानं घट्ट बांधली आणि कातळाकडे निघाली. सगुणाबाई मागे धावली. बायका धावल्या. "ठकूमाय, वर नको, तिथे तू..." असं कुणीतरी म्हणालं. ते वाक्य पुरं करायची हिंमत कुणाला झाली नाही.

कातळावर पोचून ठकूमायनं पेटी पाहिली. काच दिसतच नव्हती. एवढ्या आयांची कृतज्ञता तिथे बोटभर जाडीनं साचली होती, लालभडक, तेलकट, वर वाळलेली झेंडूची फुलं. सूर्य समोर उभा होता आणि त्याला आत यायला दार नव्हतं.

"पुसा," ठकूमाय म्हणाली.

एकही बाई हलली नाही. कुंकू पुसायचं? भरल्या कपाळाच्या बाईनं, आणि तेही सूर्याचं? खाली सगुणाबाईचा नवरा उभा होता, प्रत्येकीचा कुणी ना कुणी उभा होता.

ठकूमायनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "राहू द्या. तुमचे हात भरलेले आहेत. माझं पुसून किती वर्षं झाली, मला आता कसली भीती?"

आणि एका हातानं छातीशी पोर सावरत दुसऱ्या हातानं तिनं सूर्याचं कुंकू पुसायला घेतलं. पदरात बांधून आणलेली चुलीतली राख लावून घासलं, नखांनी खरवडलं, पदर लाल झाला, हात कोपरापर्यंत लाल झाले. ती घासत होती आणि बोलत होती. पोरीशी बोलत होती की सूर्याशी ते कुणाला कळलं नाही. "थांब रे माझ्या राजा. जाऊ नको. आत्ता उघडते बघ."

काच बरीचशी उघडी झाली तेव्हा तिच्या हातातलं बळ संपलं. वरचा एक कोपरा तिच्या हाताला पोचेना. तेव्हा सगुणाबाई पुढे आली. तिनं कमरेची कुंकवाची करंडी काढून कातळावर ठेवली, पदर खोचला, डोळे गच्च मिटले आणि तो कोपरा स्वतःच्या हातानं पुसला. खाली पाटलांना काहीही झालं नाही. पाटील पुढे इतकी वर्षं जगले की शेवटी त्यांनाच कंटाळा आला.

मग सगळे वाट बघत बसले. कातळावर सावरीच्या झाडाची सावली पडायची. ती सावली सरकत सरकत खडकातल्या भेगेपाशी आली आणि तिथेच थांबली. सूर्य पठारावर उभा राहिला, असं म्हणतात. पाणी तापेपर्यंत हलला नाही. खालच्या गावांत गुरं चरून घरी परतली आणि गुराखी म्हणाले, आज दिवस मावळतोय तरी कधी!

न्हाणीत तोटी सोडली, आणि वाफ दारातून बाहेर आली. कढत पाण्यात बेताबेतानं गार पाणी घालून ते निववलं, कोपर बुडवून पाहिलं, मग ठकूमायनं छातीवरची पोर त्या घंगाळात हळूच धरली. निळं अंग जांभळं झालं, जांभळ्याचं गुलाबी झालं. आणि पोरीनं असं भोकाड पसरलं की कातळावर बसलेल्या बायका खालचं ऐकून रडायला लागल्या. सगुणाबाईनं न्हाणीच्या ओल्या जमिनीवर बसून ठकूमायचे ते लाल झालेले हात आपल्या हातांत घेतले आणि धुतले. पाटलीण सुईणीचे हात धुते आहे, असं गावानं कधी पाहिलं नव्हतं.

ठकूमाय पुढे पिकल्या पानासारखी गेली. ती गेली तेव्हा आठवडाभर आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नव्हता. तरी तिच्या शेवटच्या अंघोळीला तोटी सोडली तर पाणी वाफाळतं आलं, असं म्हणतात. ती अंघोळ सगुणाबाईनं घातली.

आता पठारावर वीज आहे, एसटी आहे, आणि घराघराच्या छपरावर उन्हाचा बंब आहे, शहरातून आणलेला, चकचकीत. पण बसवणारा माणूस आला की गाव त्याला आधी विचारतं, तोंड दक्षिणेला आहे ना? तो म्हणतो, दक्षिणेलाच असतं. गाव म्हणतं, आम्हाला माहीत आहे, तुला माहीत आहे का ते बघत होतो. रथसप्तमीला सगळीकडे सूर्याचा रथ काढतात, दूध उतू घालवतात. सावरपठारावर त्या दिवशी गाव छपरांवर चढतं. काचा पुसतात, तळाचा गाळ सोडतात, सांधे चाचपतात. काचेला कुणी कुंकवाचं बोट लावत नाही. पहिलं फडकं गावातल्या सगळ्यांत थोरल्या विधवेच्या हातात देतात, आणि त्या फडक्याला ठकूचा पदर म्हणतात. कैक वर्षं ते फडकं द्वारकेच्या त्या लेकीकडे होतं. तिचं नावही ठकूच ठेवलं होतं. फडकं हातात घेऊन ती म्हणायची, "चल रे बाबा, लाग कामाला."

आणि एक गोष्ट पठार न बोलता पाळतं. इथे कुणा बाईचा नवरा गेला, घरात रडारड झाली आणि बाहेरगावाहून आलेली एखादी पाहुणी बाई तिच्या कपाळाकडे हात न्यायला लागली, तर पठारावरच्या बायका तो हात मधेच धरतात. शांतपणे धरतात, आणि सांगतात, "राहू द्या बाई. आमच्याकडे कुंकू एकदा पुसून झालंय. आता आम्ही फक्त काच पुसतो."