मागच्या दिव्याचे बटण

एकदा एक शेतकरी आणि एक म्हातारी भर शेतात भांडत होती, आणि भांडण एका बटणावरून होते.

"ट्रॅक्टर माझा, दिवे माझे, आणि बटण लावतेस कुठं, तर माझा हातच पोचणार नाही तिथं? डोकं ठिकाणावर आहे का, मावशी?"

"माझं आहे. तुझं शोधायला आलेय," म्हातारी म्हणाली, आणि मागच्या मडगार्डवरचा स्क्रू आवळत राहिली.

दिवस मावळतीला टेकला होता. घरी निघालेल्या बायका टोपल्या कमरेवर घेऊन बांधावर थबकल्या होत्या. अर्ध्या रानातले बटाटे अजून मातीखाली होते, आणि 'उद्यापासून आम्ही येणार नाही' असे या बायकांनी सकाळीच सांगून टाकले होते. त्या आल्या नाहीत तर माल मातीतच राहणार. शेतकऱ्याचा आवाज चढला होता तो त्यामुळे. बटण हे निमित्त.

आता तुम्ही म्हणाल, दिव्यावरून माणसांचे इतके कसे बिनसते? ऐका.

मागच्या हंगामात ऐन काढणीत आभाळ भरून आले होते. तेव्हा याच बायका उजाडण्यापूर्वी आल्या, छोट्या टॉर्च दातांत धरून त्यांनी बटाटे वेचले, आणि पाऊस पडायच्या आत रान मोकळे केले. शेतकऱ्याने ते मनात ठेवले. उपकार विसरणारी माणसे पुष्कळ पाहिली. हा विसरणारा नव्हता. यंदा त्याने आपल्या छोट्या ट्रॅक्टरला जास्तीचे दिवे लावायचे ठरवले: पुढे आपल्यासाठी, आणि मागे, बटाटे उकरणाऱ्या यंत्रामागून चालणाऱ्या बायकांसाठी. दिवे बसले त्या दिवशी त्याने ट्रॅक्टरची पूजा केली, दिव्यांना हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि प्रत्येक बाईला एकेक खण दिला. बायकांची मुकादम ठकूबाई. तिला दिला तो हिरवा खण त्याने स्वतः निवडला होता.

दुसऱ्या पहाटे ट्रॅक्टर रानात उतरला. काही सऱ्या झाल्यावर शेतकऱ्याने सहज मागे पाहिले, आणि तो जागीच थिजला. पूजा केलेल्या दिव्यावर तोच हिरवा खण बांधलेला!

त्याने ट्रॅक्टर थांबवला. "पटलं नव्हतं तर घ्यायचा नव्हता खण! माझ्या देण्याची ही किंमत?" आणखी चार शब्द तो नको ते बोलला. ठकूबाईने खण सोडला, नीट घडी केली, कमरेला खोचला, आणि एवढेच म्हणाली, "उद्यापासून दुसरं माणूस बघा, अण्णा."

दिवे बसवले होते म्हातारीच्या शिष्येने. ही म्हातारी त्या पंचक्रोशीत ट्रॅक्टरच्या वायरिंगची जाणकार. तिला कोणी शिकवले नव्हते. जळक्या वायरींचा वास घेत, बोटांना चटके सोसत ती स्वतः शिकली होती, आणि हे ती कोणालाही विसरू देत नसे. शिष्या लग्न होऊन गावात आलेली, हाताने चलाख. गुरू शेजारी नसताना केलेले हे तिचे पहिलेच काम. त्यावरून गडी-माणसे तुटली असे कळताच ती कासावीस होऊन म्हातारीकडे धावली.

म्हातारी आली. तिने एकेक वायर ओढून पाहिली. बॅटरीपासून जाड वायर, जवळच फ्यूज, पुढे बटणावरचा भार झेलणारा रिले, अर्थिंग रंग खरवडून थेट लोखंडाला, आणि बटण चालकाच्या अंगठ्याशी.

"काम चोख आहे," ती म्हणाली.

शिष्येचा जीव भांड्यात पडला. "मग चुकलं कुठं, आजी?"

"वायरीत नाही चुकलं. यंत्रामागून चालून बघितलंस का?"

"नाही."

"मग अर्धंच काम केलंस. घे टोपली."

कलत्या उजेडात शेतकऱ्याने ट्रॅक्टर चालवला. मागे दिवा लावून त्या दोघी सरीत वाकल्या. दिव्याकडे तोंड केले की डोळे दिपत, ढेकूळ कोणते आणि बटाटा कोणता हे कळेना. पाठ केली की आपलीच सावली सरीवर पडे, आणि हात अंधारात. शिष्येने दोनदा टोपलीत ढेकळे टाकली. म्हातारी हसली नाही. ट्रॅक्टर थांबवायला लावून तिने मागचा दिवा खाली कलता होईल असा सैल केला, त्याला हाताने फिरणारा नट बसवला, आणि कोणाला न विचारता त्याचे बटण चालकापासून काढून मागच्या मडगार्डवर आणले.

तेव्हा ते भांडण पेटले.

"अगं, दिवा वाकवलास तो ठीक," शेतकरी म्हणाला. "पण बटण कशाला हलवलंस?"

"आज वाकवला तो माझ्या अंदाजानं. उद्या उतार लागेल, सरी वळेल, कुणी उंच असेल, कुणी ठेंगणी. दर वेळी तू खाली उतरून विचारणार आहेस?"

"त्यांनी सांगावं! मी काय वाघ आहे? तोंडानं बोलायचं सोडून दिव्याला फडकं बांधतात!"

म्हातारी बांधाकडे वळली. "ठकूबाई, सांग गं त्याला. का नाही बोललीस?"

ठकूबाई पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "कसं बोलणार? अण्णांनी एवढ्या हौसेनं आमच्यासाठी लावलेला दिवा. नारळ फोडलेला. त्याला 'बंद करा' म्हणायला जीभ वळंना. डोळ्यांतनं तर पाणी यायलं होतं समद्यांच्या."

"आणि माझा खण?"

"गोणपाट होतं की बांधावर. पण हळदकुंकू वाहिलेल्या दिव्याला गोणपाट कसं बांधायचं? माझ्यापाशी कोरं आणि चांगलं तेवढंच होतं, अण्णा."

शेतकऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

मग म्हातारीने पेचकस पिशवीत टाकला आणि शिष्येला ऐकू जाईल अशा आवाजात, पण शेतकऱ्याकडे पाहत म्हणाली:

"तुझं देणं खरं होतं. यांचं घेणंही खरं होतं. तू यांचे उपकार मानलेस, यांनी तुझे मानले. म्हणून तर हिला बोलता येईना आणि तुला दिसेना. कृतज्ञता चांगलीच रे, पण तिचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत मारू नये. आपण पुढं बघत जातो, आणि आपल्या दिव्यानं मागं कुणाचे डोळे दिपतात ते आपल्याला दिसत नाही. म्हणून दिवा द्यावा, आणि ज्याला दिला त्याच्या हाती बटणही द्यावं. बटण आपल्यापाशी ठेवलं, तर दिलं काय? आणि पोरी, तू ऐक. वायर कुठून कुठं जाते ते तुला येतं. उजेड कुणावर पडतो तेही बघत जा. माझ्या हाताखाली शिकलीस, नाव माझं लागतं."

शिष्येने मान हलवली. पुढे आयुष्यभर कोणाचाही दिवा बसवला की ती आधी त्याच्यासमोर जाऊन उभी राही, असे सांगतात.

ठकूबाई बांधावरून उतरली. तिने बोट लांब करून बटण दाबले. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मागून कोणी तरी म्हणाले, "ए मुकादमीण, जपून, अण्णांची बॅटरी उतरंल!" बायका फिदीफिदी हसल्या, आणि त्या हसण्यात शेतकऱ्याचेही ओठ हलले.

"पहाटे या," तो ठकूबाईला म्हणाला. "सकाळी बोललो ते मनात ठेवू नका."

"येतो, अण्णा. आणि खण शिवायला टाकते."

पण शेतकरी तो शेतकरीच. शेवटचा शब्द आपला हवा. ट्रॅक्टरवर चढता चढता तो वळला. "समदं पटलं, मावशी. पण मी पुढं तोंड करून बसलेला. यांनी मागं दिवा विझवला, तर मी काय समजायचं?"

म्हातारीने पिशवी खांद्याला अडकवली.

"समजायचं, उजाडलं. मग ट्रॅक्टर थांबवायचा आणि आधी यांना चहा द्यायचा."