कुरणवाडीच्या ठकूची अट

येळी नदीवर पूल नव्हता, माणसं कमरेला भोपळे बांधून पलीकडे जायची, त्या काळची म्हणजे फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नदीकाठच्या कुरणवाडीत ठकू नावाची कुंभारीण राहत होती. तिच्या जिभेला माती कळायची. चिमूटभर तोंडात टाकली की ही नदीनं आणलेली की डोंगराची, ते ती सांगायची. सात पिढ्यांपूर्वी पूर कुठवर आला होता, तेही तिला चवीवरून कळायचं, असं म्हणतात.

गावाचा नियम होता. घर बांधायचं तर आधी त्या जागेची मूठभर माती ठकूकडे आणायची. ती ‘नदीची’ म्हणाली तर तिथं गवत कापा, गुरं चारा, पण चूल मांडायची नाही. गोरगरिबांनी हा नियम मुकाट पाळला. ठकूच्या सख्ख्या भावाला काठावर घर हवं होतं, त्यालाही तिनं वर माळावर पिटाळलं होतं.

मग इनामदारांच्या मनात आलं की नदीकाठी माडी बांधावी आणि खिडकीत बसून पाणी बघावं. त्यांना नाही कोण म्हणणार? पंच त्यांच्याच ओसरीवर पान खाणारे. इनामदारांनी शक्कल काढली. माळावरचा मुरूम गाड्या भरभरून आणला, काठावर पुरुषभर उंच भराव घातला आणि त्यातली मूठ ठकूपुढे धरली.

ठकूनं चाखली आणि थुंकली.

“माती माळाची हाय,” ती म्हणाली, “पन ही हितं गाडीत बसून आलीया. हिच्याखालची आना.”

“वरची का खालची, ते नियमात कुठं हाय?” थोरले पंच म्हणाले.

“आन् ह्या भरावानं अडलेलं पानी आमच्या कुंभारआळीत शिरंल, ते बी नियमात न्हाई का?”

पंच परवानगी देऊन मोकळे झाले. ऐकून चीड येते ना? यायलाच हवी. गरिबाला नियम, आणि थोरामोठ्यांना पळवाट.

तिसऱ्या वर्षी श्रावणात येळी चढली. भरावाला थटून वळली आणि भर दुपारी कुंभारआळीत घुसली. ठकूनं लेकराबाळांना, म्हाताऱ्यांना पुढे घातलं आणि आपण सगळ्यांच्या मागं चालली. पाणी तिच्या टाचेपाशी यायचं, पण तिला ओलांडायचं नाही, असं म्हणतात. वाटेत एक म्हातारा दमून बसला, तर तो उठेपर्यंत नदीही थांबली. आळीतलं एकही घर उभं राहिलं नाही, पण माणूस एकही गेला नाही. मग नदी मागं फिरली आणि तिनं भराव पोखरला. तीन दिवसांत माडी खचली. इनामदार तेव्हा माळावरच्या जुन्या घरात होते. पंचही आपापल्या घरी, कोरडे ठणठणीत.

ठकूचा संताप झाला तो यावर. पूर ओसरल्यावर पंच तिला नव्या घरांची माती चाखायला बोलवायला माळावर आले, तेव्हा ती जागची उठली नाही.

“जीभ माजी आन् निवाडा तुमचा, हे पुरं झालं,” ती म्हणाली. “मी आता अटीबिगर माती चाखायची न्हाई. जो बांधा म्हनंल, त्यानं त्याच घरात बायकापोरांसंगं पयला पावसाळा काढायचा. कबूल असंल तर येते.”

पंचांनी चुळबूळ केली. ठकूनं अन्न सोडलं. नऊ दिवस ती नुसत्या वाऱ्यावर जगली, असं म्हणतात. दहाव्या दिवशी पंचांनी नदीत उभं राहून शपथ घेतली, तेव्हा कुठं तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

कुरणवाडीत तो रिवाज अजून पाळतात. आषाढ लागला की परवानगी देणाऱ्याचं बिऱ्हाड ठकूच्या नावानं नव्या घरात पोचवतात, आणि गौरी-गणपती होईपर्यंत ते तिथून हलत नाही. अलीकडेच एक साहेब नकाशा घेऊन आले होते. काठावर भराव आणि त्यावर चाळीस बंगले, सगळं कायद्यात बसवलेलं. गावानं त्यांना चहा पाजला. परवानगीची सही करायला त्यांनी पेन काढलं, तेव्हा सरपंचबाई म्हणाल्या, “करा की साहेब. फकस्त एवढं सांगा, वहिनीसाहेबांचं सामान कंच्या बंगल्यात उतरवू?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.