डावरी आणि भिंतीवरचा शंख

वेधशाळेत अजून काचेवर फोटो काढत, त्या काळची ही गोष्ट. वेधशाळेच्या ओलसर जोत्यापाशी गोगलगायी राहत. सगळ्यांचे शंख उजवीकडे वळलेले, फक्त डावरीचा डावीकडे. उलट्या शंखाशी जोडी जमत नाही, म्हणून ती एकटीच राही. बाकीच्या हसत, "डावरे, तुझा जोडीदार घडवायला देव विसरला गं!"

एका पावसाळी दुपारी तिला खिडकीतून आतल्या भिंतीवरचा मोठा फोटो दिसला. काळ्याभोर आकाशात उजेडाचा एक शंख होता, आणि तो डावीकडे वळलेला होता. डावरीला भरून आलं. ती खिडकीतून आत शिरली, आणि अंगातली ओल संपत आली तरी कोरडी भिंत चढत राहिली.

फोटोमागे राहणाऱ्या पालीने विचारलं, "कुठे निघालीस गं बाई, एवढ्या कोरड्यातून?"

"माझ्या माणसाकडे."

"अगं, हा शंख नव्हे, दीर्घिका आहे. अब्जावधी ताऱ्यांचा भोवरा. तिचा उजेड इथे पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात, असं इथले खगोलशास्त्रज्ञ सांगतात."

"असू दे लांब. माझ्यासारखी डावी तर आहे ना?"

पाल अडखळली. "तेही आपण इकडून बघतो म्हणून. पलीकडून बघणाऱ्याला तीच उजवी दिसते."

डावरीने स्वतःला या कुशीवरून त्या कुशीवर वळवून पाहिलं. तिचा शंख कुठूनही डावाच होता.

"खाली जा बाई, बाहेर पाऊस लागलाय," पाल कळवळून म्हणाली.

डावरीने तिथेच, फोटोपाशी, अंग आत ओढून घेतलं आणि कोरडे महिने काढायला गोगलगायी धरतात तसा शंखाच्या तोंडावर आतून पापुद्रा धरला.