अण्णासाहेबांच्या हातांत ओवी

परदेशात मानसशास्त्र शिकून परतलेल्या शाल्मलीला वाटलं होतं, अपंग मुलांच्या शाळेत मुलांच्या आया आपल्यापाशी मन मोकळं करतील. पण अध्यक्ष अण्णासाहेबांसमोर सगळ्या एवढंच म्हणाल्या, "बरं चाललंय."

"बघा, आईला कसला आलाय ताण? आयांना बोलत बसायला वेगळी खोली नको," अण्णासाहेबांनी निकाल दिला.

तोच त्या आयांपैकी यमुनाताईंनी कडेवरची लेक ओवी त्यांच्या हातांत दिली. "जरा धरता? पाणी पिऊन येते."

"काका, माझी मान सांभाळा हं," ओवी म्हणाली.

अण्णासाहेब श्वास रोखून उभे. "ताई, लवकर या, पडेल ही."

"साहेब, घोटभर पाण्यापुरतं तुम्हाला जे झालं, ते मला झोपेतही होतं. त्याला काय म्हणायचं?" परत येऊन ओवीला घेत यमुनाताई म्हणाल्या.

खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मलीने ठरवलं, तिथे आधी मुलं आपण सांभाळायची, आयांना निवांत पाणी पिऊ द्यायचं. आया बोलतील तेव्हा बोलतील.