राजकन्येएवढं भोक

एका राज्यात वज्रनयन नावाचा राजा होता. त्याची नजर मोठी तिखट. दुधातलं पाणी त्याला लांबून दिसे, आणि स्तुतीतलं खोटं त्याहून लांबून. एकदा कर्तरीनाथ मांत्रिक दरबारी आला आणि त्याने मुठीतून मोर काढून दाखवला. राजा म्हणाला, "नजरबंदी आहे. आमचा डोळा आजवर फसला नाही, फसणार नाही." दरबार हसला. मांत्रिकाला ते हसू झोंबलं. त्याने झोळीतून सोन्याची कात्री काढली आणि सिंहासनासमोर लांब उभ्या राजकन्या हेमकलेला हवेतून कातरून घेतलं, कागदातून फूल कातरावं तसं. ती होती तिथे तिच्याच आकाराचं भोक उरलं. आत नुसता काळोख. कान लावला की तिचा श्वास ऐकू येई.

"राजाचा डोळा फसेल, तेव्हा लेक परत येईल," मांत्रिक म्हणाला. "उद्या सूर्यास्ताला भोक मिटेल. मग ती कायमची गेली." एवढं बोलून तो चालता झाला.

राजाने फसायचा फार प्रयत्न केला हो! पण ठरवून कोण फसतं?

हेमकला राजाच्या चित्रशाळेत शिकत असे. तिची मैत्रीण अंबुजा भोकासमोर येऊन रडली, आणि रडता रडता थबकली. "महाराज, हा तर साचा आहे! आम्ही कागद कातरतो, भोकातून रंग टिपतो, की खाली चित्र उमटतं."

खांबावरची साळुंकी बोलली, "मग तीन कामं कर. रूप उतरव. रूपाला उठाव दे. राजाला फसव."

रूप उतरवायला भोकामागे भिंत हवी. त्या राज्यात भिंती विनंतीला मान देत. अंबुजाने हात जोडले, तशी उत्तरेची भिंत सरकत येऊन भोकाला टेकली. चित्रशाळेच्या मुलांनी कापसाच्या बोळ्यांनी घट्ट रंग टिपला, कारण पातळ रंग कडेखाली ओघळतो. भिंतीवर हेमकला उमटली, पण सपाट, नाकडोळ्यांवाचून.

मग मुलांनी रांजणात साठवलेला अमावास्येचा अंधार खलबत्त्यात कुटला, त्यात हवं तितकं चांदणं कालवलं. त्याने नाकडोळे रेखले, गालाखाली छाया दिली, कपाळावर उजेड. आणि काय आश्चर्य! हेमकला भिंतीतून इतकी पुढे आली, की साळुंकी तिच्या खांद्यावर बसायला गेली आणि आपटली.

राजा जवळ आला. त्याचे डोळे भरले. तरी तो म्हणाला, "सुंदर आहे. पण भिंत आहे."

सूर्य कलला. मग अंबुजाच्या ध्यानी आलं, निरखणारा फसत नाही, धावणारा फसतो.

"महाराज, सिंहासनावर बसावं. मी सांगेन तोवर डोळे मिटावेत."

राजाने डोळे मिटले. मुलं गुडघ्यांवर बसली. हेमकलेच्या पायांपासून सिंहासनापर्यंत त्यांनी फरशीवर खडूने, कोळशाने रेघा ओढल्या. बाजूने पाहावं तर नुसत्या लांबट, वेड्यावाकड्या. "पोरांना वेड लागलं," प्रधान पुटपुटले. पण ते चित्र एकाच जागेसाठी होतं, सिंहासनावरच्या दोन डोळ्यांसाठी.

सूर्य डोंगराला टेकला. अंबुजा ओरडली, "महाराज, राजकन्या पडते आहे!"

राजाने डोळे उघडले. दरबाराची जमीन फाटली होती. तळ नसलेली विहीर, आणि तिच्या अगदी काठावर त्याची लेक!

"हेमा! मागे हो, बाळा!"

राजाने सिंहासनावरून उडी घेतली. मुकुट घरंगळला. तो विहिरीवरून धावत गेला, आणि पाय फरशीवर पडताहेत हेही त्याला कळलं नाही. त्याने हात पुढे केला. हातात हात आला, उबदार, रंगाने माखलेला.

भिंत अदबीने मागे सरली. भोक मिटलं. तिकडे वाटेवर कर्तरीनाथाची कात्री बोथट झाली. पुन्हा तिने केसही कापला नाही.

राजाने पायाखाली पाहिलं. खडूची धूळ.

"आबा, तुम्ही फसलात," हेमकला म्हणाली.

"फसलो गं," राजा म्हणाला, आणि भर दरबारात लेकीला उराशी धरून मोठ्याने रडला.

जशी त्याची लेक त्याच्या हाती लागली, तसं ज्याचं हरवलेलं त्याला लाभो.