बँडेज डाव्या हाताचं

मालिकेत आधीच्या दृश्यात पदर ज्या खांद्यावर होता, तो पुढच्या दृश्यातही तिथेच राहील, हे बघणं पालवबाईंचं काम. चौदा वर्षांत त्यांची चूक झाली नव्हती. मंगळवारी झाली. नायकाच्या डाव्या हाताचं बँडेज जेवणाच्या दृश्यात उजव्या हातावर गेलं आणि घरोघरी तसंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी वाहिनीचे प्रमुख बिवलकर सेटवर येऊन कडाडले, "बाई, उद्यापासून येऊ नका! आणि लेखकमहाशय, मालिकेतली ती शलाकाही काढून टाका. लग्न झालेल्या नायकापायी वेडी झालीय, त्याच्या चहाच्या उष्ट्या कपाशी बोलते!"

"मग बँडेजचं तिलाच विचारू द्या ना," पालवबाई म्हणाल्या. "शलाका म्हणेल, 'कालपर्यंत डाव्या हाताला होतं ना रे?' नायक म्हणेल, 'मीच बदललं. घरात कोणाचं माझ्याकडे लक्ष आहे का, बघत होतो. बायकोचं नव्हतं, आईचंही नव्हतं.'"

लेखकाने घाईघाईने वही उघडली. बिवलकर फिस्सकन हसले. "असल्या पिसाट बाईचं कोणाला कौतुक?"

"साहेब, तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागलीत. घरून तसेच निघालात, ऑफिसात दोन मीटिंगा केल्यात, इथे तासभर ओरडताय. कोणी सांगितलं?"

बिवलकरांनी खाली पाहिलं. एकेक बटण काढून ते पुन्हा लावत बसले. शेवटचं लावून झाल्यावर लेखकाला हळूच म्हणाले,

"शलाका राहू दे. आणि बाईसुद्धा."